पंचवीस गाण्यांचा एक अल्बम आणि एकवीस मिनिटांचा दुसरा

कॅनडाचा रॅपर ड्रेक याचा 2018 चा 'स्कॉर्पियन' हा अल्बम गेल्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. पंचवीस गाणी, जवळपास दीड तास. मनापासून आवडलेली गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं सगळ्यांत खरं गाणं, 'मार्च फोर्टीन', अगदी पंचविसाव्या नंबरवर. आपल्याला मुलगा झालाय, त्याच्या आईशी आपलं जमलेलं नाही, आपल्या आईवडिलांचं मोडलेलं घर आपण पाहिलं आणि आता तेच या पोराच्या वाट्याला येणार, हे ड्रेक त्यात सांगतो. मिरवणं बाजूला ठेवून तो इथे बोलायला बसतो. असं गाणं हाताशी असताना त्याच्याआधी एवढी भरताड कशाला? जो श्रोता साठाव्या मिनिटाला उठून गेला, त्याच्यापर्यंत हे गाणं पोचलंच नाही.

रॅपच्या अल्बमबद्दल माझं एक मत वर्षानुवर्षं पक्कं होत गेलंय. अल्बम आटोपशीर हवा. चाळीस मिनिटं पुष्कळ झाली. त्याहून जास्त वेळ मागायचा असेल तर मागणाऱ्याकडे तसंच कारण पाहिजे. मिक्सटेपला, म्हणजे रॅपर बहुधा फुकट वाटतात त्या सैल बांधणीच्या गाण्यांच्या संचाला, मात्र मी हा नियम लावत नाही. ती तीन तास चालली तरी माझी ना नाही. या लेखात ज्या रेकॉर्ड्सबद्दल बोलणार आहे, त्या सगळ्यांना मी याच मापाने जोखलंय.

हे माप आलं कुठून तेही सांगते. मी सांगलीत तबला शिकवते. रॅपकडे वळले ती बोलांमुळे. एक विद्यार्थी क्लास सुटल्यावर थांबला, "ताई, हे फक्त लयीसाठी ऐका" म्हणाला आणि कानात हेडफोन दिले. तेव्हा शब्द निम्मेही कळले नव्हते, पण अक्षर कुठे पडतंय ते कळत होतं. बहुतेक रॅप चार मात्रांच्या चक्रावर चालतं. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा ठोका पडतो, आणि यमक बहुतेक वेळा चौथीवर येऊन टेकतं. प्रत्येक मात्रेची चार घरं केली की एका बारमध्ये, म्हणजे अशा एका चक्रात, सोळा घरं होतात. तीनतालावर वाढलेल्या कानाला हा हिशेब शिकवावा लागत नाही. कोणता रॅपर घर सोडून पुढे जातो, कोण मागे रेंगाळतो, कोण यमक चौथीवर न ठेवता मध्येच पेरून जातो, हे ऐकायची चटक लागली की सुटत नाही.

पण हे ऐकणं दमवतं. गायकाच्या तीन गाण्यांत मिळून जेवढे शब्द असतात तेवढे रॅपर एका कडव्यात बोलून मोकळा होतो. चाळीस मिनिटं असं कान देऊन ऐकलं की पुढचं नुसतं कानावरून जातं. एकल वादनाला बसताना पेशकार, कायदे, रेले, मग गती आणि तुकडे असा क्रम आम्ही बांधतो, आणि आज काय वाजवायचं नाही हेही घरूनच ठरवून निघतो. येत असलेलं सगळं वाजवायचं ते रियाजाला. अल्बम ही माझ्या लेखी मैफल आहे, आणि मिक्सटेप हा रियाज.

हल्लीचे अल्बम फुगले त्याला हिशेबाचं कारण आहे. 2014 च्या अखेरीपासून अमेरिकेत बिलबोर्ड या मासिकाने खपाच्या अल्बम-यादीत ऑनलाइन ऐकणंही मोजायला घेतलं. तेव्हाचा नियम असा, की अल्बममधली गाणी मिळून 1,500 वेळा वाजली की एक अल्बम विकला असं धरायचं. मग बारा गाण्यांऐवजी चोवीस दिली तर तोच चाहता एका बैठकीत दुप्पट आकडा देऊन जातो. मिगोस या तिघा रॅपरांच्या गटाचा 2017 चा 'कल्चर' तेरा गाण्यांचा होता, तासाच्या आत संपायचा, आणि त्यातले तिघांचे तुटक तिहेरी ठोके ऐकून मी हरखले होते. पुढच्याच जानेवारीत 'कल्चर टू' आला. चोवीस गाणी, पावणेदोन तास. माणसं तीच, ठोके तेच, आणि अर्ध्यावर मला एकही गाणं दुसऱ्यापासून वेगळं सांगता येईना. 'स्कॉर्पियन' पहिल्याच आठवड्यात जगभरात शंभर कोटी वेळा वाजला. धंदा म्हणून गणित बरोबर आलं. ऐकणारी म्हणून मला त्यातून काय मिळालं ते वर लिहिलंच आहे.

गंमत अशी की याच 2018 सालात उलट्या टोकाचे अल्बमही आले, आणि ते मी आजही लावते.

मे महिन्यात रॅपर पुशा टीचा 'डेटोना' आला. सात गाणी, एकवीस मिनिटं. सगळे बीट, म्हणजे शब्दांखालचं संगीत, कान्ये वेस्टचे. पहिल्या गाण्यात सुरुवातीला ठेका जवळपास नाहीच, नुसता आवाज आणि मागे थोडीशी टकटक. वाट बघायला लावून लावून मग सॅम्पलचा, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून कापलेल्या तुकड्याचा, झोत येतो. थांबायचं किती हे ज्याला कळतं, त्याच्या हातात लय असते. पुशाचा उच्चार दाताखाली चावून सोडलेला, प्रत्येक व्यंजन टोकदार. 'सॅन्टेरिया'मध्ये तो मारल्या गेलेल्या मित्राबद्दल बोलतो आणि मध्येच 070 शेक ही गायिका स्पॅनिशमध्ये गाते. एक ओळही कळत नसताना मला तिथे दरवेळी भरून येतं.

दोन गोष्टी मला खटकतात. पुशाचा विषय आयुष्यभर एकच, कोकेनचा धंदा. त्याच्याकडे भाषा एवढी श्रीमंत आहे की आणखी दहा विषय त्याने सहज पेलले असते. दुसरं म्हणजे मुखपृष्ठ. व्हिटनी ह्यूस्टनच्या न्हाणीघराचा, तिच्या व्यसनाच्या काळातला फोटो कान्येने 85,000 डॉलर मोजून घेतला आणि वर छापला. एका मेलेल्या गायिकेच्या पडत्या काळाचं असं प्रदर्शन मला सहन होत नाही. हा अल्बम मी ऐकते तेव्हा फोन पालथा ठेवते.

याच अल्बमच्या शेवटच्या गाण्यात पुशाने ड्रेकला डिवचलं, ड्रेकने उत्तर दिलं, आणि त्यावर पुशाने ड्रेकच्या लपवलेल्या मुलाची गोष्ट चव्हाट्यावर आणली. महिन्याभरात 'स्कॉर्पियन' आला. म्हणजे एकवीस मिनिटांच्या अल्बममधल्या एका गाण्यामुळे दीड तासाच्या अल्बमला त्याचा सगळ्यांत प्रामाणिक विषय उघडपणे बोलावा लागला, असं मला वाटतं.

'डेटोना'नंतर आठवड्याच्या आतच फिलाडेल्फियाच्या टिएरा व्हॅकचा 'व्हॅक वर्ल्ड' आला. पंधरा गाणी आणि प्रत्येक गाणं बरोबर एक मिनिटाचं. इन्स्टाग्रामवर तेव्हा मिनिटाचा व्हिडिओ टाकता यायचा, ती चौकटच तिने अल्बमची चौकट केली. मेलेल्या कुत्र्यावरचं गाणं, जेवणावरचं गाणं, आवाज बदलून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावरान ढंगात कुणाला तरी घरातून हाकलून लावणारं गाणं. रंगात येतं न येतं तोच कापलं जातं. पहिल्यांदा ऐकताना चिडचिड होते, कारण चाल नुकतीच ओठावर आलेली असते. पण पंधरा मिनिटांत ती हसते, रुसते, रडते, टोमणे मारते, आणि प्रत्येक मिनिटाला बीटचा पोत वेगळा असतो. माझ्याकडे तेरा-चौदा वर्षांच्या मुली शिकायला येतात, त्यांना मी तुकडा बांधायला शिकवते तेव्हा हाच अल्बम आठवतो. सोळा मात्रांत सुरुवात, मधला भाग आणि शेवट बसवता आला पाहिजे. रॅप कधीच न ऐकलेल्या माणसाने इथून सुरुवात करावी. नाही आवडलं तर गेली पंधरा मिनिटंच.

पण त्या वर्षातला माझा अल्बम नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी आला. अर्ल स्वेटशर्टचा 'सम रॅप साँग्स'. पंधरा गाणी, पंचवीस मिनिटांच्या आत.

अर्लचं खरं नाव थेबे नेरूदा कगोसित्सिले. वडील केओरापेत्से कगोसित्सिले दक्षिण आफ्रिकेचे कवी, वर्णद्वेषी राजवटीमुळे कित्येक वर्षं देशाबाहेर राहिलेले, पुढे त्या देशाचे राष्ट्रकवी. 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ड्रमच्या साथीने कविता म्हणणारा 'द लास्ट पोएट्स' नावाचा गट उभा राहिला. रॅपच्या पूर्वजांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत घेतात, आणि त्या गटाने आपलं नाव याच कगोसित्सिलेंच्या कवितेतून घेतलं होतं. असा बाप. पण अर्ल लहान असतानाच तो घर सोडून गेला आणि दोघांत अंतर पडलं. अर्लच्या सुरुवातीच्या रॅपमध्ये बापावरचा राग उघड आहे. या अल्बममध्ये 'प्लेइंग पॉसम' नावाचा तुकडा आहे, त्यात अर्ल स्वतः एक अक्षर बोलत नाही. आईचं भाषण आणि वडिलांचं कवितावाचन त्याने एकमेकांत विणलंय. आई चेरिल हॅरिस, कायद्याची प्राध्यापक, आभार मानतेय. मध्ये वडिलांचा आवाज येतो, परत आईचा. एका घरात न राहिलेली दोन माणसं मुलाने एका गाण्यात शेजारी बसवली. हे वडिलांना ऐकवायचं होतं. जानेवारी 2018 मध्ये वडील गेले. त्यांनी ते ऐकलं नाही.

त्याच्या पुढचं गाणं 'पीनट'. त्यात लय चिखलात रुतल्यासारखी ओढत चालते, आवाज कुठून तरी खोलातून येतो, बापाला पुरल्याचा उल्लेख येतो आणि गाणं कुठेच न पोचता थांबतं. आणि शेवटी 'रायट!', नुसतं वाद्यसंगीत. ह्यू मासेकेला या दक्षिण आफ्रिकन ट्रंपेटवादकाच्या जुन्या तुकड्यावर उभं केलेलं. मासेकेला या कुटुंबाच्या जवळचे, आणि तेही त्याच जानेवारीत गेले. तिघांच्या आवाजांनंतर अर्ल स्वतः गप्प बसतो आणि ट्रंपेटला बोलू देतो.

या अल्बमबद्दल तक्रार ऐकू येते की आवाज पुसट आहे, लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे) धुळकट आहेत, अर्ल ठेक्याच्या मागे पडतो. मागे पडणं मुद्दाम आहे. विलंबित लयीत बोल मात्रेच्या किंचित मागे ठेवायला हात फार तयार लागतो, कारण सम कुठे आहे हे आत पक्कं नसेल तर माणूस वाहवत जातो. अर्ल वाहवत नाही. दर चौथ्या-आठव्या बारला तो बरोबर जागेवर भेटतो. फोनच्या स्पीकरवर हे कळणार नाही, चांगले हेडफोन लावा. आणि सलग ऐका. एकेक गाणं सुटं काढलं तर हातात काही लागत नाही.

आता 'इलमॅटिक'. नासचा पहिला अल्बम, 19 एप्रिल 1994. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. सुरुवातीची ओळख धरून दहा तुकडे, चाळीस मिनिटांच्या आत. याच्यावर इतकं लिहिलं गेलंय की आणखी काय सांगायचं, असं वाटू शकतं. पण मी जे माप म्हणते ते मला इथेच सापडलं, म्हणून त्याच्यावर थांबते.

न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी घरांच्या वसाहतीत नास वाढला. अमेरिकेतली ही अशी सगळ्यांत मोठी वसाहत. कॅसेटच्या दोन बाजूंना 'फोर्टिएथ साइड नॉर्थ' आणि 'फोर्टीफर्स्ट साइड साउथ' अशी नावं होती, म्हणजे वसाहतीलगतच्या रस्त्यांचीच. अल्बम त्या हद्दीबाहेर फारसा जातच नाही. आणि न गेल्यामुळेच तो सांगलीत बसून समजतो. जिना, बाक, खिडकी, पोलिसांची गाडी, कोपऱ्यावरची पोरं. 'एनवाय स्टेट ऑफ माइंड' मध्ये डीजे प्रीमियरने जो चेंबर्सच्या जुन्या रेकॉर्डमधून पियानोचे मोजके सूर उचललेत आणि तेच पुन्हा पुन्हा फिरवलेत, दुसरं जवळजवळ काही नाही. सुरुवातीला नास पुटपुटतो की सुरू कसं करायचं कळत नाही, आणि लगेच सुटतो. मग श्वास घ्यायला जागा शोधावी लागते, त्याला नाही, आपल्याला. यमक चौथ्या मात्रेवर येईल म्हणून कान तयार असतो, तर ते आधीच दुसरीवर येऊन गेलेलं असतं आणि चौथीवर नवीनच सुरू झालेलं. रेला वाजवताना बोल तेच ठेवून वजन हलवत जातात, ते ज्यांनी केलंय त्यांना या कडव्यात काय चाललंय ते हातांनी कळेल.

'वन लव्ह' हे पत्र आहे. तुरुंगातल्या मित्रांना वस्तीतली खबर. कुणाला मूल झालं, कोण भेटायला येत नाही, कोण उलटला. तिसऱ्या कडव्यात पत्र संपतं आणि नासला बाकावर बारा वर्षांचा पोरगा भेटतो, अंगावर बंदूक बाळगणारा. नास त्याला शहाणपणाचे चार शब्द सांगतो. वीस वर्षांचा मुलगा बारा वर्षांच्या मुलाशी वडीलधाऱ्यासारखा बोलतो, यात त्या वस्तीतलं वय किती लवकर सरतं ते सगळं येतं. दुसऱ्या एका गाण्याच्या शेवटी नासचे वडील ओलू दारा कॉर्नेट वाजवतात. पाहुणा रॅपर अख्ख्या अल्बमभर एकच, एझी. बीट करणारे पाच वेगवेगळे, तरी अल्बम एकाच हातचा वाटतो, कारण कुणीही आपलं सगळं कसब दाखवायला आलेलं नाही.

याच नासच्या मास अपील या रेकॉर्ड कंपनीने 2019 मध्ये भारतात शाखा काढली तेव्हा पहिला कलाकार घेतला तो मुंबईचा डिव्हाइन, आणि त्याच वर्षी त्याचा 'कोहिनूर' हा अल्बम आला. 'कोहिनूर' मला ठीक वाटतो. आवाज दमदार, पण वस्तीचा तपशील त्याच्या आधीच्या सुट्या गाण्यांत जास्त होता.

लांबी खपवून घ्यावी असे अल्बमही आहेतच. केंड्रिक लमारचा 2012 चा 'गुड किड, मॅड सिटी' अडुसष्ट मिनिटांचा आहे आणि त्यातलं एक मिनिटही मी देणार नाही. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधला एक मुलगा आईची व्हॅन घेऊन बाहेर पडतो आणि एका दिवसात काय काय होतं, त्याची ही गोष्ट. मध्ये मध्ये आईवडिलांचे फोनवरचे निरोप येतात. आईला व्हॅन परत हवीय, वडिलांना त्यांचे डॉमिनोज. बाहेर पोरं मरतायत आणि फोनवर घर चालू आहे. 'सिंग अबाउट मी, आय ॲम डाइंग ऑफ थर्स्ट' बारा मिनिटांचं. मेलेल्या मित्राचा भाऊ बोलत असतो, गोळ्यांचा आवाज होतो आणि त्याचं वाक्य अर्धवट राहतं. मग एक बाई येते. तिच्या मेलेल्या बहिणीवर केंड्रिकने आधी गाणं केलं होतं, त्याचा तिला संताप आलाय. मी विरून जाणार नाही, असं ती ठासून सांगत राहते आणि तिचा आवाज हळूहळू विरत जातो, ती बोलतच असते. शेवटी रस्त्यात भेटलेली म्हातारी शेजारीण पोरांना प्रार्थना म्हणायला लावते, तो आवाज माया अँजेलो यांचा. हे बारा मिनिटांपेक्षा कमीत झालं नसतं.

त्याच्या नंतरच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'बद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. एकोणऐंशी मिनिटं. थंडरकॅट, कमासी वॉशिंग्टन, टेरेस मार्टिन, रॉबर्ट ग्लास्पर, एवढे तगडे वाजवणारे एका अल्बममध्ये क्वचित येतात, आणि गाण्यागणिक एकेक ओळीने वाढत जाणारी कविता ही कल्पना मला फार मोठी वाटते. पण मी तो दोन बैठकींत ऐकते. एका बसणीत ऐकला की मधल्या गाण्यांवर अन्याय होतो.

रॅपर एमएफ डूम आणि बीट करणारा मॅडलिब यांचा 'मॅडव्हिलनी' (2004) वेगळ्या वाटेने जातो. बावीस तुकडे, सेहेचाळीस मिनिटं, म्हणजे एकेक तुकडा दोन मिनिटांच्या आसपास. हूक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं ध्रुवपद, जवळजवळ नाहीच. मॅडलिबने यातले बरेच बीट ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या हॉटेलात बसून केले. साधा लहान सॅम्पलर, नेता येण्याजोगा टर्नटेबल, कॅसेट डेक, आणि तिथल्या दुकानांतून घेतलेल्या तबकड्या. अल्बम प्रसिद्ध व्हायच्या वर्षभर आधीच इंटरनेटवर फुटला. पुढे डूमने आपला आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित केला, आधीपेक्षा संथ आणि जाडसर. दोन्ही ऐकून पाहा. आधीचा जास्त उत्साही आहे, पण नंतरचाच खरा, कारण यमकं एवढी दाट असताना आवाज जितका निवांत, तितकी ती जास्त पोचतात. याच मॅडलिबने पुढे हिंदी सिनेमाच्या जुन्या तबकड्या कापून 'बीट कंडक्टा इन इंडिया' केला. त्यात रॅप नाही. ओळखीचा ढोलक अनोळखी जागेवरून सुरू झालेला ऐकायचा असेल त्यांनी तो शोधावा.

आता मिक्सटेप. इथे माझं माप मी खाली ठेवते.

लिल वेनची 'द ड्रॉट 3' 2007 ची. दोन सीडी भरून, फुकट. बीट जवळजवळ सगळे दुसऱ्यांचे, त्या वेळी रेडिओवर गाजत असलेले. बियॉन्सेचं 'अपग्रेड यू' घे, सियाराचं 'प्रॉमिस' घे, जे-झी आणि नासने एकत्र केलेलं घे, आणि त्यावर आपले शब्द ओत. वेन तेव्हा लिहून काढतच नसे, सरळ माइकसमोर उभा राहायचा. म्हणून काही ठिकाणी तो भरकटतो, एकच उपमा तीनदा येते, हसू आलं तर हसून घेतो. आणि मग एखाद्या कडव्यात असा काही चढतो की मूळ गाणं कुणाचं होतं तेच विसरायला होतं. ते कडवं बाकीच्या तासाभराच्या शोधाशोधीतूनच आलेलं असतं, म्हणून तो तासही मला हवा असतो. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये त्याचा 'द कार्टर थ्री' हा अल्बम आला आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात दहा लाखांवर खपला. फुकट वाटल्याने बाजार बुडतो म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं.

ते म्हणणारे होतेच. त्याच 2007 च्या जानेवारीत अटलांटामध्ये मिक्सटेप काढणाऱ्या डीजे ड्रामाच्या स्टुडिओवर छापा पडला, त्याला अटक झाली, हजारो सीडी जप्त झाल्या. कारवाईला रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची साथ होती. आणि याच कंपन्या आपले नवे रॅपर लोकांच्या कानावर पडावेत म्हणून त्याच्या मिक्सटेपवर नाव लागायची वाट पाहत असत. मला हा प्रकार तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो.

क्लिप्स म्हणजे पुशा टी आणि त्याचा भाऊ मॅलिस. त्यांचा दुसरा अल्बम कंपनीच्या भांडणात वर्षानुवर्षं अडकला. दरम्यान 2005 मध्ये त्यांनी 'वी गॉट इट फॉर चीप'चा दुसरा भाग काढला. सगळा राग, सगळी तयारी त्यात. मग 2006 मध्ये अडकलेला 'हेल हॅथ नो फ्युरी' सुटला, बारा गाणी, नेप्च्यून्स या संगीतकार जोडीचे हाडासारखे कोरडे बीट. दोन्ही लागोपाठ ऐका. आधी मिक्सटेप, मग अल्बम. गाळून काय राहिलं ते ऐकू येतं.

हा फरक आपल्याकडे कुणाला नीट कळलाय तर दिल्लीच्या 'सीधे मौत' या रॅपर जोडीला. 'बयान' हा त्यांचा अल्बम, तोही 2018 चाच, सेझच्या बीटवरचा, बांधेसूद. 2023 मध्ये 'लंच ब्रेक' काढला तो तीस तुकड्यांचा, आणि त्याला त्यांनी अल्बम म्हटलं नाही, मिक्सटेप म्हटलं. तीसमधले दहा मला नकोसे आहेत, तरी माझी तक्रार नाही. जोडीतल्या काम (Calm) याचा दुगुण-चौगुणीवरचा ताबा आणि एन्कोरचा खडबडीत सूर, दोघं एकमेकांच्या ओळी उचलतात तिथे जुगलबंदीचा आनंद मिळतो. शिव्या भरपूर आहेत, क्लासमध्ये लहान मुलं असताना मी लावत नाही.

मराठीत मी जे रॅप ऐकते ते बहुतेक एकेका गाण्याचं. मुंबईच्या स्वदेशी या गटाचं 'द वारली रिव्होल्ट' 2019 मध्ये आलं, आरेच्या जंगलातल्या आदिवासींच्या बाजूने, प्रकाश भोईर यांच्या आवाजासकट. एमसी मवालीचे मराठी शब्द त्यात जमिनीवर पाय आपटत येतात. मला तिथून पुढे अल्बम हवाय. एका पाड्याचा किंवा एका गल्लीचा, एकाच माणसाच्या बीटवर बांधलेला, सात-आठ गाण्यांचा. मिरजेच्या तंतुवाद्यं बनवणाऱ्या गल्लीवर कुणी केला तर बीटसाठी लागेल तेवढा तबला मी वाजवून देईन.